कडीवाली रुख्मा

रुख्माचं माहेर सालेकशाकडच्या जंगलातलं. पहिला नवरा साप चावून मेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तीन वर्षांनी भावानं तिचा पाट उदारामशी लावून दिला. उदाराम गोरेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. वय बावन्न, पहिली बायको मेलेली, दोन मुलगे लग्न झालेले, आणि गावतलावाखाली कधी पाणी न तुटणारी धानाची बांधी. "पोटाले मिळंल," भाऊ म्हणाला. एवढंच बोलून त्यानं बहिणीला बैलगाडीत बसवलं.

पोटाला मिळालं. उदाराम वाईट माणूस नव्हता. बाजारातून येताना रुख्मासाठी फणी आणायचा, कधी चुरमुरे आणायचा. पण त्याचं अंग त्याला साथ देत नव्हतं. दोन-तीन वर्षांपासून त्याला सारखी तहान लागायची, दिवसातून दहादा लघवीला जावं लागायचं, आणि परसात तो जिथं बसे तिथं मुंग्या जमायच्या. त्याचा अर्थ घरात कोणालाच कळत नव्हता. उदारामला इतकंच कळे की नव्या बायकोजवळ गेलं की आपली फजिती होते. मग तो तोंड फिरवून निजायचा आणि सकाळी भातात खडा लागला म्हणून ताट भिरकावायचा.

रुख्मा एकदा म्हणाली, "राहू द्या ना. मले काही नाई पाहिजे."

तिनं मायेनं म्हटलं होतं. त्याला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्रेपन्न साली दिवाळीनंतर शेजारच्या गावात मंडईची जत्रा भरली. दंडारीचं नाटक पाहायला सगळा परगणा लोटला होता. पाळण्यांच्या पलीकडे, बोरीच्या झाडाआड एक परमुलखातला माणूस गोणपाट अंथरून बसला होता. गोणपाटावर पितळेच्या आणि जर्मनच्या कड्या, मोठीपासून बारकीपर्यंत ओळीनं मांडलेल्या, लहान पोरींच्या बांगड्या मांडाव्या तशा. पुरुष आधी लांबून पाहत, मग विडी पेटवायच्या निमित्तानं जवळ जात. तो हळू आवाजात हिंदीत सांगे, की ही मुळाशी घालायची, अंग उभं राहतं. जितनी तंग उतनी पक्की. रातभर रहने दो.

उदारामनं इकडंतिकडं पाहिलं, पैसे टाकले आणि सगळ्यात बारीक कडी उचलून धोतराच्या कनवटीला लावली. असल्या वस्तूचं माप कोण कोणाला विचारणार? मंडईत ती घालून तर पाहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मा अंगणात सडा टाकून आत आली तेव्हा उदाराम भिंतीला टेकून बसला होता. कपाळावर घाम होता. त्यानं फक्त धोतर बाजूला केलं. अंग सुजून वांग्याच्या रंगाचं झालं होतं, आणि पितळेची कडी मांसात रुतून नुसती पिवळी रेघ दिसत होती.

"कवा घातली?"

"रातीच. मोह्याची घेतली होती थोडी. झोप लागली."

तिनं तेल लावून पाहिलं. माठातल्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. साबण लावला. कडी हलेना. ती जरा जोर करायची की तो तिच्या दंडाला चावायचा, ओरडू नये म्हणून. दंडावर दातांच्या खुणा उठल्या. सूर्य वर आला, मुलगे धान कापायला बांधीत गेले, सुना मागोमाग गेल्या.

"कंपौंडरले बोलावून आणते," ती म्हणाली.

"गेलीस तर पाय तोडीन. गावात तोंड दाखवायचं हाय मले."

दुपारपर्यंत त्यानं तिला दारातून हलू दिलं नाही. मग हात लावला तरी लागत नाही असं त्याच्या लक्षात आलं. दुखायचंच थांबलं म्हणून त्याला बरं वाटलं. रुख्माला मात्र त्याच क्षणी भीती वाटली. चेंगरलेलं बोट दुखतं, मेलेलं बोट दुखत नाही. ती मागच्या दारानं निघाली आणि कोसभर चालत सरकारी दवाखान्यात गेली.

चुन्नीलाल कंपौंडर मूळचा गोंदियाचा, बोलणं अर्धं हिंदी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, सोनाराकडून केसाएवढ्या पात्याची करवत मागून आणली आणि सायकलवर तिला पुढं बसवून घर गाठलं. कडी आणि कातडी यांच्यामधून त्यानं पत्र्याची एक पातळ चीप हळूहळू सरकवली, म्हणजे करवत मांसाला लागू नये. रुख्मा वरून पाण्याची धार सोडत राहिली, कारण पितळ घासून तापत होतं. एका ठिकाणी कापून भागेना. दोन ठिकाणी कापावं लागलं. कडीचे दोन तुकडे चटईवर पडले आणि उदाराम लहान पोरासारखा रडला.

"अब सुनो," चुन्नीलाल हात धुता धुता म्हणाला. "बंद कडी कधीच नाही. लोखंड, पितळ, काहीच नाही. घालायचंच असेल तर मऊ पाहिजे, रबर नाही तर कापडाची पट्टी, आणि एका हातानं, एका झटक्यात सुटली पाहिजे. भात शिजायला लागतो तेवढाच वेळ, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. घालून झोपायचं नाही. दारू पिऊन तर नाहीच. अंग गार पडलं, निळं झालं, मुंग्या आल्या की काढायचं. निघत नसेल तर लाज गुंडाळून ठेवायची आणि त्याच पावली दवाखान्यात यायचं." मग परसातल्या मुंग्यांचं रुख्मानं सांगितल्यावर त्यानं मान हलवली. "लघवीत साखर जाते तुमच्या. तुमच्यासाठी यातलं काहीच नाही. जखम झाली तर भरणार नाही."

उदारामच्या डोक्यात त्यातलं काहीच शिरलं नाही. रुख्माच्या डोक्यात शब्द न् शब्द राहिला.

कंपौंडरची सायकल गावानं पाहिली होती. करवतीचा आवाज शेजारणीनं ऐकला होता. तिन्हीसांजेपर्यंत गोष्ट चावडीवर पोचली. दुसऱ्या दिवशी उदारामच्या बैलाच्या शिंगात कोणीतरी बांगडी अडकवून ठेवली. तो पानठेल्यावर गेला की लोक आपल्या बोटातल्या अंगठ्या ओढायला लागत आणि "निघत नाई गा!" म्हणून कण्हत. आठ दिवस त्यानं सोसलं. नवव्या दिवशी तो म्हणाला, की कडी मी घातलीच नाही. मी दारूत होतो. रुख्मानं घातली. मला मारून बांधी बळकवायला.

जातीचे पंच बसले. मधोमध यादोराव, गावातला मोठा माणूस, मिशीवर ताव देत. त्यानं कडीचे दोन तुकडे मागून घेतले, आपल्या अंगठ्याभोवती जुळवले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले. लोक हसून हसून लोळले.

"कावं बाई," यादोराव म्हणाला, "मंडईत मापं घेत फिरत होतीस का?"

"मी नाई घेतली. यायनंच आणली, यायनंच घातली. मी काढायले धावली."

"मग तुले कसं ठाऊक, कंपौंडर हे काम करते म्हणून? याच्याआधी कोनाची काढली?"

पुन्हा हशा. चुन्नीलालला बोलावून आणलं होतं. रुख्मा त्याच्याकडे पाहत राहिली. यादोरावच्या एका अर्जानं कंपौंडरची बदली कुठंही होऊ शकत होती, हे त्याला माहीत होतं आणि यादोरावलाही. "मी गेलो तेव्हा कडी अंगात होती," चुन्नीलाल जमिनीकडे बघत म्हणाला. "कोणी घातली, मी काय पाहिलं?"

उदारामनं तलावाची शपथ घेऊन खोटं सांगितलं. पंचांनी पाट मोडला. उदारामच्या मुलांनी तिच्या हातातल्या चांदीच्या पाटल्या साबण लावून उतरवून घेतल्या, आणि अंगावरच्या लुगड्यानिशी तिला वेशीबाहेर काढलं. गावची पोरं तलावाच्या पाळीपर्यंत मागं आली, "कडीवाली, कडीवाली" करत.

भावानं दार उघडलं नाही. रुख्मा दोन कोसांवरच्या जंगलकडेच्या टोल्यावर, आठ-दहा झोपड्यांच्या वस्तीत, राहिली. मोहफुलं वेचायची, उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूची पानं तोडून फडावर, पानं मोजून घ्यायच्या जागी, विकायची. नाव तिच्या आधी तिथं पोचलं होतं. विहिरीवर ती आली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला ठेवायच्या.

आणि त्याच बाया एकेकट्या तिच्या झोपडीत यायच्या. पहिली आली तेव्हा बराच वेळ सरपणाच्या भावाबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरच्यानं एक वस्तू आणली हाय." रुख्मानं विचारलं, "बंद हाय का उघडते?" बाई चपापली. चुन्नीलालनं सांगितलेलं सगळं रुख्मानं तिला सांगितलं. मऊ धोतराची दोन बोटं रुंद पट्टी शिवून दिली, एका टोकाला ओढलं की सुटणारी गाठ घालून. कशी सैल बांधायची, वेळ कशी राखायची, काय दिसलं की सोडायची, हे आपल्या मनगटावर बांधून दाखवलं. आणि आधी परसात मुंग्या लागतात का ते पाहून ये, म्हणाली. लागत असतील तर पट्टी परत आण आणि माणसाला दवाखान्यात ने.

चार वर्षांत अशा कितीतरी आल्या. मागल्या दारानं पट्टी नेली, पुढल्या दारानं थुंकल्या. उदारामच्या पायाला काटा लागून पाय सडला आणि तो मेला, ही बातमीही तिला अशाच एका बाईकडून कळली.

सत्तावन्नच्या चैत्रात यादोरावची बायको शांतीबाई आली. पदर तोंडावर ओढून. यादोरावनं मागल्या दिवाळीच्या मंडईतून कडी आणून ठेवली होती. उदारामची उघडीवाघडी फजिती स्वतःच्या अंगठ्यावर दाखवलेला माणूस! पण विकणाऱ्यानं त्याला पटवलं होतं, की उदारामनं मूर्खपणानं बारीक घेतली, तुमच्यासाठी बरोबर मापाची देतो. रुख्मानं शांतीबाईला सगळं सांगितलं, पट्टी दिली. शांतीबाई दोन दिवसांनी ती परत ठेवून गेली. "म्हणतात, कडीवालीची अक्कल मले नोको."

वैशाखात, ऊन डोक्यावर असताना, फडावर पानांच्या पुडक्या मोजणं चाललं होतं. शांतीबाई धावत आली. पायात वहाण नव्हती.

"पहाटपासून अडकली हाय. चाल माय, पाया पडते."

"दवाखान्यात न्या."

"जात नाई म्हणतात. चुन्नीलालसमोर नाई, म्हणतात. तू काही करत असशील तर..."

रुख्मानं पुडकीला गाठ मारली. "त्यायले अठी आणा," ती म्हणाली. "मी त्या गावात पाय ठेवत नाई."

पहाटेपासून म्हणजे किती झालं, हे तिला ठाऊक होतं. गाडी जुंपून यायला किती लागेल, हेही. कडीच्या बाबतीत एकेक घटका काय खाते, हे त्या परगण्यात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती पुन्हा पानं जुळवायला बसली. शांतीबाई आली तशीच परत धावली.

गाडी आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. यादोराव धानाच्या तणसावर आडवा होता, ओठ पांढरे पडलेले. फडावरचे सगळे, बाया, गडी, मुन्शी, भोवती जमले. रुख्मा गाडीच्या चाकाला धरून उभी राहिली.

"कोनं घातली?" तिनं विचारलं.

यादोरावनं डोळे मिटले.

"कोनं घातली, मालक? बायकोनं?"

"मी," तो पुटपुटला.

"मागच्यायले ऐकू नाई गेलं."

"मीच घातली! काढ ना आता, रांडे, काढ!"

"आन उदारामची?"

शांतीबाईनं तिचे पाय धरले. रुख्मानं पाय सोडवून घेतले नाहीत, हललीही नाही. यादोराव कण्हत राहिला. उन्हात बैलांच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की उदारामनंही स्वतःच घातली होती, आणि हे पंचांना त्या दिवशीही माहीत होतं. तेव्हा कुठं रुख्मानं धोतर बाजूला केलं. अंग काळं पडलं होतं. तिनं बोट लावलं, ते गार होतं. माठाखालच्या ओल्या मातीसारखं.

"हे माझ्या हातचं नाई," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या. पळवा बैल."

चुन्नीलालनं कडी कापली आणि त्याच रात्रीच्या गाडीनं त्याला गोंदियाला पाठवलं. जीव वाचला. बाकीचं कापून टाकावं लागलं.

महिन्याभरानं चुन्नीलाल सायकल घेऊन टोल्यावर आला. पंचांपुढं मान खाली घातल्यापासून तो रुख्माशी बोलला नव्हता. झोपडीबाहेर उभा राहून त्यानं विचारलं, "किती वेळ थांबवलंस त्याला?"

"गाडीजवळ अर्धा तास. त्याच्याआधी गाडी यायला लागला तेवढा."

"तू तेव्हाच गेली असतीस तर?"

"मले कायले विचारून राहिले, कंपौंडरबाबू? तुमाले त्या दिवशी पंचायनं विचारलं होतं तवा तुमी काय सांगितलं?"

तो सायकल वळवून गेला.

शांतीबाईनं गावोगावी सांगितलं, की रुख्मा बसून पाहत होती, पानं जुळवत होती. ते खरंच होतं, रुख्मानं कधी नाकारलं नाही. यादोरावनं फडावर दिलेली कबुली मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. तो दुखण्यात होता, बाईनं छळून वदवून घेतलं, असंच पंच म्हणाले. तिच्या पाटल्या उदारामच्या सुनांच्या हातात होत्या त्या तिथंच राहिल्या. झोपडीत बाया यायच्या बंद झाल्या. कधी कधी ती रिकाम्या वेळी पट्ट्या शिवायची आणि तशाच गाडग्यात टाकून ठेवायची. दवाखान्यात त्या वर्षी कडी अडकलेल्या माणसांच्या तीन गाड्या आल्या.

पुढच्या वैशाखात फडावर एक तरणी बाई आली. जवळ यायला घाबरली. वीस-पंचवीस पावलांवर पळसाखाली उभी राहून हातानंच, बोटाभोवती कडी असल्याच्या खुणा करायला लागली. रुख्मानं तिला जवळ बोलावलं. ती येईना.

मग रुख्मानं पानांवरचे हात न थांबवता, तिथूनच, सगळ्या फडाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली. बंद कडी नाई. मऊ पट्टी, एका ओढीत सुटणारी. भात शिजते तेवढा वेळ. दारू नाई, झोप नाई. साखर असली तर काहीच नाई. निळं पडलं, गार पडलं, की दवाखान्यात, दिवस असो का रात.

बायांनी पदर तोंडाला लावले. गडी खाली मान घालून पुडक्या मोजत राहिले. मुन्शी दोनदा आकडा चुकला. हसलं कोणी नाही. पळसाखालची बाई सगळं ऐकून झाल्यावर मागं न बघता निघून गेली, आणि रुख्मानं पुढची पुडकी बांधायला घेतली.