तारापूरचा जावई

हे तुंगारेश्वरा, डोंगरावर बसून तू आमची खाडी पाहतोस आणि सातासमुद्रांपलीकडचे दरबारही पाहतोस. तुझ्या चरणी माथा टेकून जूचंद्रच्या बायजाची ही कथा.

नवरा गेल्यावर बायजाने भातशेती आणि मिठागर यांवर हाडे झिजवून कमळीला वाढवले. एक्क्याऐंशी साली लेकीची सुपारी फुटली. वर हरेश्वर, तारापूरच्या अणुवीज केंद्रात कामाला. सुपारी फोडली बायजाच्या दिराने, जयरामने. चारचौघांत, मिशीला पीळ देत.

पुढे वर्तमानपत्रे ओरडू लागली. तारापूरला इंधन पुरवण्याचा शब्द अमेरिकेने त्रेसष्ट साली दिलेला. चौऱ्याहत्तरमध्ये आपण वाळवंटात स्फोट केला आणि त्याला शांततेचा म्हटले. अमेरिकेने मग घरबसल्या नवा कायदा रचला आणि जुन्या कराराच्या गळ्यात अडकवून इंधन रोखले. का, तर जगात अण्वस्त्रे पसरू नयेत! कोठारे बॉम्बांनी शिगोशीग भरलेली, आणि प्रवचन वैराग्याचे. वापरलेले इंधन परत नेईनात, आपल्यालाही त्याला हात लावू देईनात.

जयरामने हे सारे अंगणात वाचून दाखवले आणि निकाल दिला: केंद्र बंद पडणार, जावई घरी बसणार, सोयरीक मोडा. तुळिंजचे दुकानदार स्थळ त्याने आधीच हेरून ठेवले होते. दारात उभ्या कमळीचा चेहरा उतरला. तिचे मन हरेश्वरवर कधीच जडले होते.

बायजा तांदूळ पाखडत होती. तिने विचारले, अमेरिकेचे वागणे बरे का? जयराम तावातावाने म्हणाला, विश्वासघातकी जात ती.

सूप खाली ठेवून बायजा म्हणाली, "मंग भावजी, सुपारी कोनी फोरली?"

"मीच. पन तवा इंधन येत व्हता."

"त्यांनी पन असाच सांगितला आसंल. तुमी निदान गोरं तरी असाला पायजे व्हतं."

अंगण खदखदून हसले. जयराम पेपरामागे दडला. बायजाने सुनावले की केंद्र चालो वा थांबो, पोराचे हात थांबणार नाहीत. लग्न वैशाखातच होईल. आणि ते झाले, वाजतगाजत.

त्याच वर्षी, ब्याऐंशीच्या थंडीच्या तोंडावर, फ्रान्सने इंधन देऊ केले. अमेरिकेनेही मान डोलावली. केंद्र तेच, तपासणीची बंधनेही तीच. दोस्त बदलला, तसे सोवळे सैल झाले! जयराम गावभर सांगत सुटला की त्याला हे ठाऊकच होते. बायजाने त्याला चहा दिला, दाद दिली नाही.

देवा, बायजाच्या सुपात दाणा राहो, कमळीच्या कुशीत बाळ खेळो, हरेश्वरच्या मनगटात बळ राहो, आणि त्या उंबऱ्याआड दिलेला शब्द कुणाची मर्जी पाहून कधी न फिरो.