चादर पिळताना

रविवारी सकाळी दूध उतू गेलं आणि दुपारी कपडे धुता धुता मशीन बंद पडलं. आत पाण्यानं जड झालेली मोठी चादर. आठवडाभराच्या नोकरीनंतर चिडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

"एक टोक धर," नवरा म्हणाला. बाल्कनीत समोरासमोर उभे राहून आम्ही पिळू लागलो. तो उजवीकडे फिरवी, मी डावीकडे. चादर नुसतीच गरगरत राहिली. आम्ही हसलो. मग तो एकदम थांबला.

"अगं, तुझे डोळे किती सुजलेत!"

"आठवडाभर असेच आहेत."

एका घरातली माणसंही बहुतेक वेळा एकमेकांच्या शेजारून जात असतात. समोर उभं राहायला काहीतरी बिघडावं लागतं.

"जा, पड जरा," तो म्हणाला. चादर त्यानं एकट्यानंच पिळली. नीट वाळत घातली की नाही, हे बघायला मी उठलेसुद्धा नाही.