कोरड्या तलावातलं काळं बेट

माझ्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीनं मला एक फोटो पाठवला. ती आणि तिचा नवरा भाड्याच्या स्कूटरवर बसलेले, मागे समुद्र आणि पायाखाली काळी कुळकुळीत वाळू. खाली लिहिलं होतं, "आजी, हे अख्खं बेट ज्वालामुखीतून वर आलंय. आम्ही स्कूटरवरून सगळं पालथं घातलं. तुम्ही आणि आजोबा कधी असे दोघंच कुठे गेला होतात का?"

मी उत्तर म्हणून नुसता हसरा चेहरा पाठवला. नंतर वाटलं, हे बरं नाही. मुलीनं प्रश्न नीट विचारला आहे, तर उत्तरही नीट द्यावं. आजोबा असते तर त्यांनीच दिलं असतं, आणि माझ्यापेक्षा रंगवून दिलं असतं. ते गेल्यापासून आमच्या त्या एका दिवसाबद्दल सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे. म्हणून आता लिहिते. क्रमानं लिहिते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू दे.

माझं लग्न झालं तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. तुमचे आजोबा कॉलेजात भूगोल शिकवायचे. घर तीन खोल्यांचं. त्यात सासूबाई, मामंजी, दोन नणंदा, एक दीर आणि आम्ही. सासूबाई करमाळ्याकडच्या, तलावाकाठच्या एका खेड्यातल्या. शहरात येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी त्यांची बोली बदलली नव्हती आणि त्यांना ती बदलायचीही नव्हती. घरात कुणी वाईट नव्हतं. पण वडील माणसांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, अशी रीत होती, आणि आमच्या घरात वडील माणसं नाहीत अशी जागाच नव्हती. "डबा झाला?" "झाला." दिवसभराचं आमचं बोलणं एवढंच. रात्री नणंदा पडद्यापलीकडे झोपलेल्या असायच्या.

लग्नाला दोन वर्षं होत आली तरी आपला नवरा कसा माणूस आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तो कशाला हसतो, कशाला घाबरतो, मी त्याला आवडते का, यातलं काही मला सांगता आलं नसतं. माझ्या बरोबरीच्या शिक्षिका महाबळेश्वरला जाऊन आल्या होत्या. मला एक अख्खा दिवस मिळाला असता तरी पुरला असता. फक्त दोघांचा, आणि त्यात तो माझ्याशी बोलला असता, एवढंच.

तो दिवस स्कूटरमुळे आला. तेव्हा स्कूटर पैसे देऊन लगेच मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आजोबांनी लग्नाच्या कितीतरी आधी नाव नोंदवलं होतं आणि त्यांचा नंबर लागला तो नेमका बाहत्तरच्या दुष्काळात. नळाला पाणी नाही, बाजारात धान्य नाही, आणि आमच्या दारात फिक्या निळ्या रंगाची कोरी स्कूटर. सगळी गल्ली बघायला जमली.

"पैल्यांदा गाडी देवीला दावायची," सासूबाईंनी जाहीर केलं. "त्याच्या आदी कुटं न्यायची न्हाय. कालेजात बी न्हाय."

आमची देवी तुळजापूरची. नवी वस्तू आधी तिच्या पायाशी न्यायची, यात वाद नव्हता. वाद होता तो मागे कोण बसणार याचा.

"मी बसणार की," सासूबाई म्हणाल्या. "देवी माजी हाय."

"बैलगाडी न्हवं ती," मामंजी ओट्यावरून म्हणाले. "वळणावर खाली राहशील आन् त्याला तुळजापुरात गेल्यावर कळंल."

सासूबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. नऊवारी आवरून त्या उभ्या स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. "आता धरायचं कशाला?"

"माझ्या खांद्याला धर, आई."

"आन् डोईवरचा पदर कोन धरंल? तुजा बाप?"

गल्ली हसली. त्या थोडा वेळ तशाच बसल्या, समोर रस्त्याकडे बघत. मग उतरल्या. "माजं काय काम न्हाय हिच्यावर. जोडीनं जावा. पर येताना परसाद घेऊन सरळ घरी यायचं. वाटंत कुनाच्या उंबऱ्याला जायचं न्हाय. आन् दिवं लागायच्या आत."

देवीहून परत येताना दुसऱ्याच्या घरी गेलं तर तिचा आशीर्वाद तिथेच राहतो, असं आमच्याकडे मानतात. मी मान डोलावली. त्या वेळी त्यांनी चंद्रावर जायला सांगितलं असतं तरी डोलावली असती.

रविवारी पहाटे चाकाखाली लिंबं ठेवून आम्ही निघालो. आजोबांनी स्कूटर आधी एका अंगाला कलती केली, मग किक मारली. जकात नाका मागे पडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, इथेही घरासारखंच. आणि मग गाव संपल्याबरोबर ते बोलू लागले. वाऱ्यामुळे अर्धे शब्द उडून जात, म्हणून मी पुढे वाकून कान त्यांच्या खांद्याशी नेला आणि तुळजापूर येईपर्यंत तिथेच ठेवला. रस्त्याकडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. "हा सगळा काळा दगड एके काळी पातळ होता," ते म्हणाले. "काकवीसारखा वाहत आला. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून आला. आपलं सोलापूर, ही शेतं, पुढचा डोंगर, सगळं त्याच्यावर बसलंय." त्या बायकांच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

देवीचं दर्शन झालं. पुजाऱ्यानं स्कूटरच्या हँडलला हळदीकुंकू लावून हार घातला, नारळ फोडला. डोंगर उतरून परत निघालो तेव्हा सूर्य माथ्यावर यायचा होता. सोलापूर जवळ आल्यावर रस्त्याच्या कडेला मोठा तलाव लागतो. त्या साली त्यात मधोमध हिरवट पाण्याचं डबकं तेवढं उरलं होतं आणि बाकी सगळा गाळ वाळून तडकला होता. एरवी पाण्यात दिसणारं काळ्या खडकाचं बेट त्यात उघडं पडलं होतं. आजोबांनी स्कूटर थांबवली.

"लहानपणापासून मी हे एसटीच्या खिडकीतून बघतोय," ते म्हणाले. "आज तिथपर्यंत गाडी जाईल."

"अहो, आईंनी सरळ घरी यायला सांगितलंय."

"कुणाच्या उंबऱ्याला जायचं नाही म्हणाली ती. तिथे उंबरा आहे?"

"नाही."

"घर तरी?"

"दिसत नाही."

"मग?"

मी वर्गात मुलींना वाक्याचे अर्थ लावायला शिकवणारी बाई. मला यात चूक सापडेना. खरं म्हणजे मी शोधलीही नाही. "मग चला," मी म्हटलं.

स्कूटर भेगांवरून धडधडत गेली. बेटाजवळ ओलसर गाळात कुणीतरी काकडीचे वेल लावले होते आणि एक म्हातारी राखण करत बसली होती. हार घातलेली स्कूटर आणि शालू नेसलेली बाई बघून ती उठून उभीच राहिली.

"काय हरवलंय व्हय?"

"नाही आजी, हे बेट बघायला आलोय," आजोबा म्हणाले.

"बेट? दगूड हाय त्यो. सोलापुरात दगडं न्हाईत व्हय?"

"हा ज्वालामुखीचा दगड आहे."

"आसंल," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "घरात जागा न्हाय, आसं सांगा की गं!"

माझे कान तापले. आजोबा मात्र मोठ्यानं हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ते हसताना शेवटी शिंकल्यासारखा आवाज काढायचे. तुमच्यापैकी धाकटा अजून तसाच हसतो, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बेट काही मोठं नव्हतं. आम्ही आधी कडेच्या वाळलेल्या गाळावरून स्कूटरनं त्याच्याभोवती फिरलो, मग ती खाली लावून वर चढलो. खडक तव्यासारखा तापला होता. पाण्याची जुनी पातळी त्याच्या अंगावर पांढऱ्या रेघेनं दिसत होती. म्हणजे एरवी आम्ही जिथे उभे होतो त्याच्या खाली मासे असत. दगडाला बारीक भोकं होती. "हे लाव्ह्यातले बुडबुडे," आजोबांनी माझं बोट एका भोकावर ठेवून सांगितलं. "दगड थंड झाला, पण ते तसेच राहिले." मग त्यांनी समुद्रातल्या ज्वालामुखीच्या बेटांबद्दल सांगितलं. काळी वाळू, धुमसणारे डोंगर, रात्री लाल दिसणारा समुद्र. नकाशात त्यांनी ती सगळी पाहून ठेवली होती. "एकदा जाऊ आपण," ते म्हणाले. मी विचारलं, "घरी का नाही असं बोलत?" ते म्हणाले, "घरात एकाशी बोललं की सहा जण ऐकतात. मग प्रत्येक शब्द तपासून काढावा लागतो. त्यापेक्षा गप्प बरं."

म्हातारीनं दिलेल्या काकड्या आम्ही खडकाच्या सावलीत बसून खाल्ल्या. आजोबा माझ्याकडे पाठ करून दगड निरखत होते. तसंच, मागे न बघता त्यांनी विचारलं, "मी आवडतो का तुला?"

जो प्रश्न मी दोन वर्षं मनात धरून बसले होते, तोच हा माणूसही धरून बसला होता. मला सुचलं ते मी बोलले. "स्कूटर चांगली चालवता."

पुन्हा तो शिंकल्यासारखा आवाज आला.

नंतर आम्ही किती वेळ बसलो ते आठवत नाही. निघताना मागचं चाक ओल्या गाळात रुतलं. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून लोण्यासारखा होता. म्हातारी, आजोबा आणि मी, तिघांनी मिळून गाडी बाहेर काढली. "देवीनं ढकला म्हणून सांगितलं का रं?" म्हातारी धापा टाकत म्हणाली. माझा शालू गुडघ्यापर्यंत करड्या चिखलानं भरला.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी प्रसाद घेऊन कपाळाला लावला. मग चाकांकडे पाहिलं, माझ्या निऱ्यांकडे पाहिलं. डांबरी रस्त्यावर असा गाळ लागत नाही, हे तलावाकाठी वाढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. आतून मामंजींच्या खोकण्याचा आवाज आला. ते बाहेर येत होते.

सासूबाई आत गेल्या आणि पाण्यानं भरलेली बादली घेऊन आल्या. त्या साली आम्ही अंघोळीचं पाणी साठवून त्यानं फरशी पुसत होतो. ती बादली टँकरसमोर रांगेत उभं राहून मिळवलेली, पिण्याची होती. त्यांनी ती दोन्ही चाकांवर ओतली. गाळ वाहून गटारात गेला.

"मागच्या दारानं जा आन् लुगडं बदल," त्या हळूच म्हणाल्या. मामंजी आले तेव्हा त्या हँडलचा हार सारखा करत होत्या. "झालं बगा दर्शन," त्यांनी सांगितलं. "घाटात उशीर झाला पोरांना."

पुढं दोन-अडीच महिन्यांनी त्या एक दिवस आपणहून म्हणाल्या, "गाडी लई दिस देवीकडं गेली न्हाय. जावा की जोडीनं." त्यानंतर हे त्या मधूनमधून म्हणतच राहिल्या. मला आता वाटतं, त्या दिवशी त्या पदरामुळे स्कूटरवरून उतरल्या नव्हत्या. विचारायचं राहून गेलं.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि बेटाची वाट बुडाली. आम्ही तुळजापूरला जात राहिलो, नंतर तुमची आई आणि मामा पुढे उभे राहू लागले. तलावाच्या वळणावर आजोबा गाडी हळू करायचे. मुलं विचारायची, "बाबा, पेट्रोल संपलं का?" समुद्रातलं बेट राहिलं. आधी नणंदांची लग्नं, मग तुमच्या आईचं शिक्षण, मग आजोबांचे गुडघे. मला त्याचं तितकंसं दुःख नाही. समुद्राची वाळू मी तुमच्या फोटोत पाहिली, ती सुंदर आहे. मला हवासा वाटतो तो वाऱ्यानं अर्धा उडून गेलेला आवाज आणि तो ऐकायला पुढे वाकावं लागणं. अजूनही रिक्षात बसले की माझी मान आपोआप पुढे जाते. मग रिक्षावाला आरशातून बघतो.

तर थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर असं: हो, आम्ही एकदा गेलो होतो. स्कूटर विकली, ती म्हातारी कधीच गेली असेल, सासूबाई आणि आजोबाही गेले. तलाव आहे, आणि बेट त्यात आहे. या साली पाणी पुष्कळ आहे, त्यामुळे त्याचं टोक तेवढं दिसतं.