घाटाचे पॅड

बाबांनी गाडी मला देतो म्हणून सांगितलं आणि दिली माझ्या भावाला. गोष्ट एवढीच आहे. पण मध्ये चार कॅलिपर आहेत आणि ते चारही मी उघडलेत, म्हणून सांगते.

गाडी जुनी. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा तारापूरला वीज प्रकल्पात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर लोक गावी घर बांधतात. बाबांनी बोईसरलाच राहायचं ठरवलं आणि आईचं न ऐकता ही गाडी घेतली. पुढे आई गेली, बाबांचे गुडघे गेले, आणि गाडी शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. इकडची समुद्राची हवा लोखंडाला सुखानं जगू देत नाही. ब्रेक असे धरले की चार जणांनी ढकलूनही चाक फिरेना.

भाऊ पुण्यात. मी इथेच, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आणि घरी बाबांच्या मेंटेनन्सला. एका रविवारी चहा पिताना बाबा म्हणाले, "तू ते कॅलिपर तेवढे मोकळे कर. गाडी चालली की तुझी." कोपराला गूळ लावणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी कप तसाच ठेवून जॅक शोधायला उठले.

कॅलिपर म्हणजे ब्रेकचा पंजा. पेडल दाबलं की त्यातला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला आवळतात. आमचे पिस्टन गंजून आतच रुतले होते. कॉम्प्रेसरची हवा मारून एकेक बाहेर काढला; समोर लाकडाचा ठोकळा धरला होता म्हणून बोटं शाबूत राहिली. दोन पिस्टनना खड्डे पडले होते, ते उमरोळीच्या लेथवाल्याकडून नवे करून आणले. आमच्या कारखान्यात काहीही धुवायचं म्हटलं की डिझेल. इथे ते चालत नाही, डिझेलनं रबरी सील फुगतात. सील ब्रेक ऑइलमध्येच भिजवायचे आणि बोटानं हळूच खाचेत बसवायचे. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बॅटरीचा उजेड धरायचे, तोही बहुतेक वेळा माझ्या डोळ्यांवर.

तरी ते रविवार चांगले होते, खोटं कशाला बोलू? पाइपातली हवा काढायची तेव्हा बाबा आत बसून पेडल मारायचे आणि मी खाली आडवी. "दाबा!" "दाबलंय!" "धरा!" "धरलंय, लवकर कर गं, गुडघा बोलतोय!" शेजारपाजारचे हसायचे. दारावर येणाऱ्या मासळीवाल्या मावशी टोपली टेकवून बघत बसायच्या. मला वाटायचं, बाबा आणि मी मिळून काहीतरी करतोय.

भांडण झालं ते पॅडवरून. मला मऊ पॅड हवे होते. आपला रस्ता कोणता? बोईसर, उमरोळी, पालघर. फार तर मासवणवरून मनोर. सगळा सपाट, मध्ये खड्डे आणि म्हशी. इथे थंड असतानाच पटकन धरणारा पॅड हवा. बाबा अडून बसले, कडकच घ्यायचे. "घाटात तापले तरी पकड सोडत नाहीत ते."

"पण इथे घाट आहेच कुठे?"

"मी सांगतो ते घे."

रात्रभर विचार केला आणि मीच विरघळले. वाटलं, म्हाताऱ्याच्या मनात आहे माझ्याबरोबर गावी जायचं, पुढच्या सीटवर बसून घाट चढायचा. बोलून दाखवत नाहीत एवढंच. कडक पॅड मागवले.

खंडेनवमीला मी पाटावर माझे नटबोल्टचे पाने मांडले, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला भाऊ-वहिनी आले. आमच्या घरची रीत अशी की ज्याचं वाहन, त्यानं नारळ फोडायचा आणि चाकाखालच्या लिंबांवरून पहिल्यांदा त्यानंच गाडी न्यायची. माझ्या स्कूटरचा नारळ दरवर्षी मीच फोडते. मी ताट घेऊन उभी होते. बाबांनी त्यातला नारळ उचलला आणि भावाच्या हातात दिला. "घे रे, फोड."

मला वाटलं, बाबा चुकले. मी हसून म्हटलं, "बाबा, गाडी माझी ना?"

"तुला इथे कशाला लागतेय? कंपनीची बस आहे, स्कूटर आहे. त्याला पुण्याहून इकडे यायचं तर घाट, गावी जायचं तर घाट."

घाट! म्हणजे पॅड मागवले तेव्हाच गाडी कुणाची ते ठरलं होतं. मी त्याच्या रस्त्याचे पॅड बसवत होते, आणि बाबा उजेड धरून बघत होते.

भावानं बसून पेडल दाबून बघितलं. "एकदम टाइट! ब्रेक कुणी केले?"

"मीच केले," बाबा म्हणाले. "हिनं मदत केली."

गाडी गेली त्याचं वाईट वाटलंच. पण त्या ‘मदत केली’नं जे झालं ते अजून गेलेलं नाही. ताट बॉनेटवर आपटलं आणि घरात गेले. बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला. आयत्या बिळावर नागोबा!

दोन दिवसांनी मासळीवाल्या मावशी आल्या. रिकामी शेड बघून म्हणाल्या, "गाडी कुठं हाय गो?"

"भावाला दिली."

"आनि तू एवडी राबली ती कशाला?"

मी बोंबील घेतले.

दिवाळीच्या आधी भावाचा फोन आला, बाबांनी स्पीकरवर घेतला. मी समोर भाजी चिरत होते. "बाबा, सकाळी ब्रेक दाबले की किंचाळतात हो. सोसायटीच्या गेटवर लोक वळून बघतात. घाटात काही नाही. घाबरण्यासारखं आहे का?"

घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. कडक पॅड थंड असले की ओरडतात, तापले की गप्प होतात. तसं काही असतं तर मी फोन हिसकावून सांगितलं असतं, भाऊच आहे तो माझा. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "तू सांग गं त्याला."

"ब्रेक तुम्ही केलेत ना?" मी म्हटलं, फोनमध्ये जाईल एवढ्या आवाजात. "मग तुम्हीच सांगा."

"म्हणजे?" पलीकडून भाऊ म्हणाला. "बाबा? ब्रेक कुणी केले?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग फोन बंद केला.