काशीआतेचं ‘कॅन्सल’

आमच्या काशीआतेला इंग्रजीतलं एकच क्रियापद यायचं: कॅन्सल. कोळणीने पाटी उतरवली की आते बांगड्याचा कल्ला उचलून बघायची आणि म्हणायची, “कॅन्सल!” बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत सत्यनारायणाची तारीखसुद्धा तिने दोनदा कॅन्सल केली होती.

हा शब्द तिला रेशनकार्डाने दिला. गिरणगाव सोडून इकडे आल्यावर जुन्या कार्डावर शिक्का बसला आणि नवं येईपर्यंत साखर बंद. “एका शब्दान माका महिनोभर बिनसाकरेची चाय पाजल्यान! नको म्हटला काय माणूस वाद घालता. कॅन्सल म्हटला काय गप घराक जाता.”

बाबांची ही थोरली बहीण. तिच्या शब्दाबाहेर बाबा जायचे नाहीत, आणि माझी तिथेच वाट लागली होती. मला बघायला येणाऱ्या मुलांना ती कांदेपोहे देतच नसे. पेडव्याचं तिखलं वाढायची. पेडवा म्हणजे बोटभर मासा आणि हातभर काटे! जेवण झालं की ताट तपासायची. “काट्यार मास ठेवता, तो बायलेक काय सांभाळतलो?” पहिला असा गेला. दुसऱ्याने चमचा मागितला. तिसऱ्याला त्याच्या आईने काटे काढून दिले. तिघेही कॅन्सल.

चौथा सुधीर, माझ्याच ऑफिसातला. मला तोच हवा होता, दुसरा कुणी नको होता. पण तो पडला नगरचा, मटणावर वाढलेला. आठवडाभर कँटीनमध्ये मी त्याला कागदावर पेन्सिलीने मासा काढून काटे कसे सोडवायचे ते शिकवलं. आणि त्या रविवारी गाढवाने अख्खा पेडवा तोंडात टाकला!

डोळ्यांतून घळाघळा पाणी. आतेने विचारलं, “काटो लागलो रे?”

“नाही. झकास झालंय,” असं घोगऱ्या आवाजात म्हणून त्याने दुसरा उचलला.

आतेने त्याचा हात धरला आणि सुक्या भाताचा गोळा तोंडात कोंबला. “चावू नको मेल्या, गिळ!” काटा उतरला. मग ती ताटावर वाकली.

“ह्याका मासे खावक येनत नाय,” ती बाबांना म्हणाली. “पण घशात काटो आसताना रांधपाक नाव ठेवल्यान नाय. दर आयतवारी धाडा. मी शिकवतंय.”

लग्नानंतरही पाच वर्षं शिकवलं तिने. शेवटी तिची नजर गेली, हात थरथरू लागले. सुधीर तिच्या खाटेशी बसून पेडव्याचे काटे काढायचा आणि तिला भरवायचा. काट्याला कणभर मांस राहिलेलं नसायचं, ती बोटांनी चाचपून खात्री करायची.

एकदा मला राहवलं नाही. “आते, दुसऱ्याने काटे काढून दिले की कॅन्सल ना गं?”

तिने घास गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं.

“गप बस गो. तो नियम कॅन्सल.”