मंगळवारी गल्लीत मुलं नसायची

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तू आम्हाला कधीच नावाने हाक का मारत नाहीस? नेहमी 'ए मोठे', 'ए धाकट्या'!" मी म्हटलं, वय झालं, नावं पटकन आठवत नाहीत. ते खोटं होतं. वाणसामान मी अजूनही यादीशिवाय आणते. त्याच कॉलवर तू सांगितलंस की तुला एका संस्थेत नोकरी लागली आहे, आणि वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांची माहिती गोळा करायची आहे. तेव्हाच ठरवलं की खरं कारण नीट क्रमाने लिहून काढायचं. धाकट्याला मराठी अक्षरं जड जातात, त्याला तू वाचून दाखव.

शाळेतून निवृत्त झाल्यावर वर्षभर मी एक काम केलं होतं. तुमच्या आईला ते 'समाजसेवा' एवढंच माहीत आहे. एका परदेशी संस्थेने ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ऑफिस थाटलं होतं. इंग्रजी फॉर्म बिनचूक भरेल आणि बायकांशी मराठीत बोलेल, अशी कोणीतरी त्यांना हवी होती. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला त्यांनी लगेच घेतलं.

काम कल्याणजवळ, विठ्ठलवाडीच्या पुढच्या एका वस्तीत होतं. पूर्वी तिथे भातशेती होती. शेती गेली, आणि जमिनीच्या मालकांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. समोरासमोर दोन गल्ल्या, प्रत्येकीत वीस खोल्या. सकाळी तासभर नळाला पाणी यायचं, आणि त्याला गटाराचा वास असायचा. संस्थेकडे पाण्याचे फिल्टर होते. पण त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे आधी सिद्ध करायचं होतं. म्हणून एका गल्लीला फिल्टर द्यायचे आणि दुसरीला वर्षभर द्यायचे नाहीत. दोन्हीकडे दर आठवड्याला कोण आजारी पडलं ते विचारायचं आणि वर्षाच्या शेवटी तुलना करायची.

गणित म्हणून हे मला पटलं होतं. कुठल्या गल्लीला द्यायचे हे कोणाच्या मर्जीवर नको, म्हणून चिठ्ठी टाकायची ठरली. एका स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांत वयस्कर आणि तिऱ्हाईत म्हणून ती मलाच काढायला सांगितली. मी काढली. पहिली गल्ली निघाली.

दुसऱ्या गल्लीतल्या बायका पुढे सरकल्या. मग एकीने विचारलं, "म्हंजे आमच्या पोरांनी वर्षभर हेच पाणी प्यायचं?"

"फक्त वर्षभर थांबायचं. मग तुम्हालाही मिळणार."

"आन् तवर तुमी काय करनार?"

"दर मंगळवारी येऊन विचारणार, घरात कोणाला जुलाब झाले का."

"इचारल्यानं पोट बरं होतं व्हय, म्याडम?"

सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले.

खोल्यांत घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक दाराच्या चौकटीवर मी खडूने नंबर घातले. मग पद्धत अशी, की दारात उभं राहून यादीतलं घरातल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचायचं, थांबायचं, आणि त्या माणसाबद्दल विचारायचं. कोणी राहून जाऊ नये म्हणून हा नियम होता. औषध द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नाहीतर तुलना बिघडते. कोणी फारच आजारी दिसलं तर ऑफिसला फोन करायचा. ऑफिसची प्रमुख एक परदेशी मुलगी होती, आज तू आहेस तेवढीच. कामसू आणि मनाने चांगली. मला 'आजी' म्हणायला ती स्वतःहून शिकली होती.

दुसऱ्या गल्लीत सतरा नंबरच्या खोलीत चार वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या मंगळवारी मी तिचं नाव वाचलं तर ती नुसतीच टक लावून बघत राहिली. मी मास्तरीण, सवय जात नाही. म्हटलं, "नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं." पुढच्या मंगळवारपासून ती उंबऱ्यावर बसून माझी वाट बघायची. नाव वाचलं की हात वर करून ओरडायची, "हजर!" तिची आई हसून म्हणायची, "शाळेत जायच्या आधीच हिची हजेरी लागली."

हे पाच-सहा आठवडे चाललं. मग एका मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी जागेच्या मालकीणबाई बसल्या होत्या. तिथल्याच, जुन्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मला थांबवून म्हणाल्या, "बाय, एक सांगू? राग नको धरूस. तू ज्या पोराचा नाव वाचतंस, तो आठ दिसांत परतं."

आजारी पडतो, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी समजावलं, "अहो, पाणीच घाण आहे. मी नाव वाचलं नाही तरी पडणारच ना!"

"पाणी तं आधी पन घान व्हता," त्या म्हणाल्या. "यादी नव्हती. यादी घेऊन नावा कोन वाचतं, म्हाईत हाय ना तुला?"

यमाचा तो उल्लेख मी हसण्यावारी नेला. पण त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत कोणी हसलं नाही. प्रत्येक नावाला एकच उत्तर आलं, "बरं हाय." वीसही दारांत तेच, एकाच सुरात. जणू आधी पाठ करून ठेवलं होतं.

त्यानंतर मुलं दिसेनाशी झाली. आधी एका घरातली, मग तीन, मग सगळ्याच. मी नाव वाचायची आणि आई म्हणायची, "गावाला गेलंय." शाळा चालू, सणवार नाही, आणि वीस घरांतली सगळी मुलं गावाला! पण दारांबाहेर छोट्या छोट्या चपला तशाच पडलेल्या असायच्या. दोरीवर झबली वाळत असायची, त्यांतून पाणी ठिबकत असायचं. एका दारात तर अर्धी खाल्लेली पोळी पडली होती, तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. एवढ्या मुलांच्या गल्लीत चिटपाखराचा आवाज नसायचा. पहिल्या गल्लीतला आरडाओरडा मात्र भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

खडूचे नंबर दर आठवड्याला पुसलेले असायचे आणि मी ते परत घालायची. मग नंबरांच्या जागी काजळाची बोटं दिसू लागली, बाळाच्या गालाला तीट लावतात तशी. बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. मी वाचायला लागले की तो काळा ठिपका मला समोर दिसायचा.

ऑफिसला मी हे सांगितलं का? सांगितलं, पण अर्धंच. म्हटलं, मुलं गैरहजर आहेत. प्रमुख म्हणाली, "आजी, लोक जे सांगतात ते लिहायचं. आपण अंदाज करायचा नाही." मला ते बरंच वाटलं. माझे फॉर्म सगळ्या ऑफिसात सर्वांत स्वच्छ असत. खाडाखोड नाही, रकाना रिकामा नाही. 'गावाला' हा शब्द मी किती वळणदार अक्षरात लिहिला असेन, कोण जाणे.

आता त्या मंगळवारचं, वर्ष संपत आलं होतं तेव्हाचं. सतरा नंबरच्या दारात मी उभी राहिले. आई दार अडवून उभी होती, डोळे जागरणाने तारवटलेले. खोलीतून एक वास येत होता. दोन मुलं वाढवलेल्या बाईला तो सांगावा लागत नाही. मी नियमाप्रमाणे मुलीचं नाव वाचलं.

"गावाला गेलीय," आई म्हणाली.

आणि वरून, पोटमाळ्यावरून, चिमणीने चोच वाजवावी इतक्या बारीक आवाजात आलं, "हजर."

मी आईकडे पाहिलं. तिची पापणीसुद्धा हलली नाही.

"उंदीर झालेत वर," ती म्हणाली.

मी फॉर्मवर 'गावाला' लिहिलं, आणि पुढचं नाव वाचलं.

कल्याणहून एसटीने ठाण्याला, खोपटच्या स्टँडवर येईपर्यंत मी स्वतःशी हिशेब करत होते. फारच आजारी दिसलं तर फोन करायचा, हा नियम. पण मला काही दिसलं नव्हतं. कागदावर जी मुलगी गावाला आहे, तिच्यासाठी फोन कसा करणार? घरी आले, जेवले, फॉर्म नंबरवार लावले. स्वयंपाकघरात भांडं पुसताना पुन्हा स्पष्ट ऐकू आलं, "हजर." घरात मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेले. बुधवारी मी कधीच जात नसे. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय तिथेच थांबले. सतरा नंबरची सोडून सगळी मुलं तिथे होती. गोट्या, लंगडी, भांडणं, कोणाच्या गालावर तीट नाही की काही नाही. एका पोराने मला पाहिलं आणि खेळ थांबला. कोणी ओरडलं नाही, रडलं नाही. मुलं एकामागून एक घरात गेली आणि दारं लागत गेली, माझ्या जवळच्या दारापासून लांबच्या दारापर्यंत, क्रमाने.

मी मालकीणबाईंकडे गेले आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. यादी, फॉर्म, खडू, पेन, सगळं त्यात होतं. म्हटलं, "हे तुमच्याजवळ ठेवा. मला सतरा नंबरमध्ये जायचंय."

त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग पिशवी पाटाखाली सरकवून उठल्या. दारावर थाप मारून म्हणाल्या, "उघर गो. रिकामी आयलीय ती."

आतून आवाज आला, "नाव घेनार न्हाई म्हनाव."

"नाही घेणार," मी म्हटलं.

मुलीचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. आम्ही तिघींनी तिला रिक्षात घातलं. वाटेत मी चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याशी काहीच बोलत नव्हते, कारण नावाशिवाय काय बोलायचं ते सुचत नव्हतं. दवाखान्यात कारकुनाने विचारलं, "पेशंटचं नाव?" आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भलतंच नाव सांगितलं. त्या नावाने मुलगी चार दिवस तिथे राहिली, आणि त्या नावाने बरी झाली.

मी ऑफिसात सगळं सांगितलं. प्रमुखाने हातातलं काम बाजूला ठेवलं. तिने विचारलं, "गावाला लिहिलेल्यांपैकी किती खरंच गावाला असतील?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

तिने दुसऱ्या गल्लीचा गठ्ठा पुढे ओढला. फिल्टर नसलेली गल्ली कागदावर फिल्टरवाल्या गल्लीपेक्षा निरोगी होती. "आजी, हे लेखी द्याल? मग दुसरं कोणीतरी यादी घेऊन घरोघर परत तपासेल."

परत यादी, परत नावं. मी लेखी दिलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सोडवता आलेलं नाही. पुढे अहवालात 'फिल्टरचा फायदा आढळला नाही' असं आलं. ते वाक्य माझ्या स्वच्छ अक्षरातून आलं होतं. दुसऱ्या गल्लीला फिल्टर मिळाले, कबूल केलं होतं म्हणून. इतर वस्त्यांना द्यायचे होते, ते राहिले.

तुझ्याही हातात यादी येईल, मोठे. आणि तीही नियम पाळायला सांगणाऱ्या चांगल्या माणसांनीच दिलेली असेल.

शेवटच्या मंगळवारी मी निरोप घ्यायला गेले. सतरा नंबरची आई ओल्या फडक्याने चौकटीवरचा माझा आकडा पुसत होती. मुलगी तिच्या मागे लुगडं धरून उभी होती, अंगाने अर्धी झालेली, गालावर मोठी तीट.

"आता येनार न्हाई ना?" आईने विचारलं.

"नाही."

"आन् हिचं नाव? घरी बसूनबी घेनार न्हाई?"

"नाही घेणार."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ उघडले. मी काही बोललेसुद्धा नव्हते, पण तिला सवय झाली होती. आईने पटकन ओला हात तिच्या तोंडावर दाबला आणि मी निघेपर्यंत तो काढला नाही.

ते नाव मी अजून घेतलेलं नाही. या कागदांवरही नाही, तुम्ही शोधून पाहा. आणि तुमची नावं घ्यायला तोंड उघडते, तेव्हा इतक्या लांबून, त्या बारीक आवाजात कोणी उत्तर देईल की काय असं वाटतं, आणि मी 'ए मोठे' म्हणते.