छपरांसाठी चढलेला बोरघाट

बेलवलीत आमच्या चाळीत सायकल चालवणारी बाई मी एकटीच. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते आणि बदलापूरहून रोज सायकलनंच ये-जा करायचे. सायकल वडिलांची जुनी, मधला दांडा असलेली. पंजाबी ड्रेस घालून मी त्या दांड्यावरून पाय टाकला की समोरच्या काकू तोंड फिरवायच्या. मला मजा यायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका कातकरी वाडीत वणवा शिरला आणि दुपारच्या दोन तासांत दहा झोपड्या जळून गेल्या. माणसं जंगलात कामाला गेली होती म्हणून वाचली. पूर्ण पावसाळा त्या कुटुंबांनी शाळेच्या व्हरांड्यात काढला. दिवाळीनंतर बदलापूर गावातले एक पी.टी.चे सर आमच्या कँटीनमध्ये आले आणि टेबलावर चढून बोलायला लागले. बदलापूर ते पुणे सायकलनं जायचं, दोन दिवसांत. प्रत्येकानं एक कार्ड घ्यायचं, ओळखीपाळखीच्यांकडे जायचं आणि त्यावर लिहून घ्यायचं की तुम्ही पुण्याला पोचलात तर आम्ही घरांसाठी अमुक देऊ. विटा, सिमेंट, दाराच्या बिजागऱ्या, काहीही.

"भीक मागायची नाही," सर म्हणाले. "आपण घाम गाळायचा, त्यांनी वीट द्यायची. कोण येणार?"

माझा हात आधी वर गेला आणि डोकं मागाहून चालायला लागलं.

घरी आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "पुणं म्हणजे काय अंबरनाथ वाटलं का तुला? अकरा पुरुषांत तू एकटी?"

"सर आहेत ना."

"सर काय तुझी सायकल ढकलणार आहेत?"

वडील पेपर वाचत होते. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. चेन मी बदलून देतो." झालं! आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू भरायला घेतले.

कार्ड घेऊन मी थेट उल्हासनगरला गेले. तिथे पत्र्यांचं दुकान असलेले एक सिंधी शेठ कारखान्यात नेहमी फोन करायचे, त्यामुळे मी त्यांना आवाजानं ओळखत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला स्टुलावर बसवलं.

"बेटी, सिंध से हम आये तब मैं सात साल का था. बॅरेक में एक कमरा, दो फॅमिली, बीच में चादर," ते म्हणाले. मग मराठीत आले, "छप्पर नसला की काय होते, मला नको सांगू. तू पुणे पोच. दहा घराचे सगळे पत्रे माझे."

"सगळे?"

"सगळे. पण पोचायचं हां! टेम्पोत बसून नाही."

मी दुकानातून बाहेर पडले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी येईपर्यंत मी दोनदा रस्ता चुकले.

निघायच्या सकाळी आम्ही बारा जण शाळेसमोर जमलो. थंडी होती, हँडलला हात लावला तरी बोटं गार पडत होती. सर शिट्टी वाजवणार इतक्यात एक माणूस सायकल हाणत आला. तिशीतला, काटक, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. मागच्या कॅरिअरला लाकडाची मोळी बांधायचा दोर तसाच लटकत होता. जळालेल्या दहांपैकी एक घर त्याचं होतं.

"मी पन येनार," तो म्हणाला.

आमच्यातला एक जण सरांच्या कानाशी लागला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच घेऊन जायचं? बरं दिसतं का ते?"

तो माणूस चिडला नाही. "घर माझा, नि सायकल तुमी हाणनार? मी बसून काय करू? रोज बारवीवरना लाकडा घेऊन बदलापूरला येतंव. पुन्याला मोळी नसनार ना मागं!"

मला हसू फुटलं. मी म्हटलं, "सर, यांना घ्या. आपल्या सगळ्यांपेक्षा यांचीच प्रॅक्टिस जास्त आहे."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पोटऱ्यांकडे. "तुम्ही सगळ्यांत पुढे राहा," ते म्हणाले आणि शिट्टी वाजली.

काय सुटलो आम्ही! वांगणी गेलं, नेरळ गेलं. रस्त्याकडेला भात झोडपणाऱ्या बायका काम थांबवून ओरडायच्या, "अगो, बाय हाय बघ त्यांच्यात!" मी घंटी वाजवायचे. कर्जतला चहा प्यायलो तेव्हा माझ्या मांड्या भरून आल्या होत्या, पण मी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी खोपोलीत एका शाळेच्या वर्गात पोचलो. लाडूंचा डबा सगळ्यांत फिरला आणि मी फळ्याखाली सतरंजी टाकून झोपले ती थेट सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी समोर घाट उभा. मालाचे ट्रक इतके हळू चढत होते की त्यांचा धूर आमच्याच सोबतीनं वर येत होता. अर्धा घाट झाला असेल, तोच माझं उजवं पॅडल कडकन घसरलं. कॉटर पिन ढिली झाली होती, म्हणजे पॅडलचा दांडा धरून ठेवणारी ती छोटी खीळ. पाय मारला की दांडा नुसताच हलायचा. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. "बसा ताई, वरपर्यंत सोडतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला शेठ आठवले. मी नको म्हटलं आणि सायकल ढकलायला लागले.

वरच्या वळणावरून वाडीवाला आपली सायकल तिथंच ठेवून पायी परत खाली आला. त्याला मी दिसले नव्हते म्हणून.

"थांब ताय." त्यानं माझी सायकल आडवी पाडली आणि रस्त्याकडेच्या कचऱ्यातून पत्र्याचा एक तुकडा शोधून काढला. तो दुमडून खिळीच्या फटीत बसवला आणि दगडानं ठोकून घट्ट केला. "आता मार पाय. पायडलवर उभी राहून मार, बसू नको."

मी उभी राहून पाय मारला. पॅडल धरलं! तो माझ्या पुढे दहा हातांवर चालत होता आणि मागे न बघता ओरडत होता, "मार! मार! आला, आला वरता!" एका ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर लटकून टाळ्या वाजवत होता. शेवटच्या वळणानंतर चढ संपला आणि खंडाळ्याचा गार वारा एकदम तोंडावर आला. मी हँडल धरूनच जोरात किंचाळले. कारखान्यात दिवसभर हळू आवाजात "नमस्कार" म्हणणारी मी!

पुण्यात शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. स्वागताला कुणीच नव्हतं. एक पोलीस तेवढा म्हणाला, "एका रांगेत चला." आम्ही तेरा वेडे रस्त्याकडेला एकमेकांना मिठ्या मारत होतो. मी पहिला एसटीडी बूथ गाठला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते, हा माझा होता.

"शेठ, पुण्याहून बोलतेय."

"टेम्पो?"

"सायकल!"

 पलीकडून त्यांनी दुकानातल्या नोकराला इतक्या जोरात हाक मारली की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

पत्रे आले, विटा आल्या. जानेवारीपासून दर रविवारी आम्ही वाडीवर जायचो. मिस्त्री एकच होता, बाकी सगळे आम्ही हमाल. पावसाच्या आधी दहाही घरांवर छप्पर चढलं. शेठ एकदा येऊन प्रत्येक घरात शिरले आणि वर पत्र्यांकडे बघत राहिले.

शेवटच्या रविवारी वाडीवाल्याच्या बायकोनं मला बाजूला घेतलं. "ताय, मना शिकवशील?" ती सायकलकडे बोट करून म्हणाली. मी तिला कासोटा घट्ट मारायला सांगितलं आणि सीट धरून मागे पळत सुटले. ती दोनदा करवंदीच्या जाळीत गेली. तिसऱ्या वेळी मी सीट सोडली तरी तिला कळलं नाही. धरणाच्या उतारावर ती पुढे पुढे जात राहिली, आणि सगळी वाडी तिच्यामागे धावत होती.